पाडवा नसलेल्या देशाची सहल

अण्णा,

यंदाच्या पाडव्याला आई घरी नसणार. आगाशीच्या घराला कुलूप असेल आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. हे तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं, कारण तुम्ही गेल्यापासून या एका दिवशी ती उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाही, आणि आता एकदम विमानात बसायला निघाली आहे. तिची ही सहल मीच आखली. तुमच्या पश्चात मी हाच धंदा धरला आहे. विरारला स्टेशनापासून जरा आत, औषधांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर माझं टेबल आहे, समोर दोन खुर्च्या आहेत आणि भिंतीवर जगाचा नकाशा आहे. तयार सहली मी विकत नाही. शिंपी जसा माप घेऊन कापड बेततो, तशी मी माणसाचं माप घेऊन सहल बेतते. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला कांदा चालत नाही, कोणाला नवऱ्यापासून दोन तास लांब बसायचं असतं, हे सगळं विचारून घेते. शेवटची मागणी बायका नवरा जिना उतरून गेल्यावर करतात.

हे मी कुठे शिकले ते तुम्हाला सांगायला नको. वाडीतला चाफा आणि केळी यांतून वर्षभर मान वर न काढणारा माणूस थंडी पडली की आळीची सहल काढायचा. भाड्याची बस, पुढच्या काचेवर झेंडूची माळ, मागच्या सीटवर लाडवांचे डबे. निघायच्या आधी आठवडाभर तुम्ही घरोघरी जाऊन ओटीवर बसायचात आणि प्रत्येक म्हातारीची चौकशी करायचात. आम्हा पोरांना त्याचा कंटाळा यायचा. सप्तशृंगीला जायचं ठरलं त्या वर्षी मी पलीकडच्या आजींना म्हटलं होतं, "आजी, तुम्ही नका येऊ, तुम्हाला चढवायचं नाही." तुम्ही ते ऐकलंत. आवाज न चढवता तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "बस आजीसाठी काढलीय, गडासाठी नाही." आणि सगळी सहल वळवून वज्रेश्वरीला नेलीत, गरम पाण्याच्या कुंडांवर. आजी दिवसभर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि परत येताना बसमध्ये सगळ्यांत जास्त आवाज त्यांचाच होता. त्याच संध्याकाळी लोकांना गोळा करायची तुमची पितळी शिट्टी तुम्ही माझ्या गळ्यात घातलीत. ती अजून माझ्या खणात आहे. वाजवत नाही, पण एखादं गिऱ्हाईक फार डोकं खाऊ लागलं की हात तिकडे जातो.

गिऱ्हाइकं येतात तेव्हा खालच्या टपरीवरून चहा येतो. माझ्यासाठी येत नाही. मला पित्ताचा त्रास आहे हे टपरीवाल्यालाही पाठ झालंय. आईला तर माझ्या पित्ताची फारच काळजी. तुम्ही गेल्यापासून एवढ्या वर्षांत तिने मला कोकम, आवळा, मनुका, नाना प्रकारचं काय काय पाठवलं. आगाशीहून येणाऱ्या कोणाच्याही हाती एक बाटली असते आणि वर निरोप असतो, "रिकाम्या पोटी घ्यायला सांग."

तर पाडव्याचं सांगते. तुमच्यासाठी तो दिवस चहाच्या वाटेवरच थांबला, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी उंबऱ्यावर बसून तोरणासाठी चाफा ओवते आहे. तुम्ही गुढी बांधून शिडीवरून उतरता, हात झटकता, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसता आणि आत बघून म्हणता, "चहा टाक गं." आईच्या तव्यावर पुरणपोळी आहे. ती म्हणते, "थांबा की, तवा मोकळा होऊ द्या." त्यात रागही नव्हता, काहीच नव्हतं, सणाच्या दिवशी कुठल्याही स्वयंपाकघरातून ऐकू येतं तेच. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तुमचं डोकं झोपाळ्याच्या कडीला टेकलं होतं आणि पाय जमिनीवर होते. झोपाळा अजून हलकेच हलत होता. तिने हाक मारली, मग मला हाक मारली. आळीतल्या पुरुषांनी आधी गुढी उतरवली आणि मग तुम्हाला आत नेलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. ज्या सणाला घरात माणूस जातो तो सण त्या घरापुरता मोडतो. त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली, तरच सुटतो. गाय तर आपण आधीच विकली होती. माझ्या बाळंतपणाच्या वेळी मात्र दिवस अगदी पाडव्याच्या तोंडावर भरत होते आणि सगळी आळी डोळे लावून बसली होती. काकूंनी तर गुढीसाठी नवा बांबू आणून ठेवला होता. तुमच्या नातवाने पाडवा आरामात जाऊ दिला आणि मग साहेब आले. आईने त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मेल्या, थोडी घाई केली असतीस तर." हसत म्हणाली, पण मला ते हसू बघवलं नाही. काकूंचा तो बांबू पुढे वालाच्या वेलाला लागला.

सण मोडला म्हणून गुढी नाही, गोडधोड नाही, इथपर्यंत सगळेच करतात. आई त्याच्या पुढे गेली. त्या दिवशी ती चूल पेटवत नाही. गॅस आला तरी पेटवत नाही. सकाळपासून काही शिजत नाही, तापत नाही, देवाजवळचा दिवासुद्धा संध्याकाळपर्यंत लावत नाही. पुढचं दार लोटून ती मागच्या पडवीत बसते. सासरी विरारला आमची गुढी असते. मी ती उभारते, आरती उरकते, जरीची साडी सोडून साधी नेसते आणि रिक्षाने आगाशीला येते. रस्त्यात दोन्ही बाजूंना गुढ्याच गुढ्या. मग आम्ही दोघी भिजवलेले पोहे खातो आणि फारसं बोलत नाही. सगळ्यांत वाईट वेळ दुपारची. कोणी ना कोणी श्रीखंडाची वाटी घेऊन येतंच. प्रेमानेच येतात, पण दारात उभं राहून म्हणतात, "आता किती वर्षं झाली, आता पुरे की." आई वाटी घेते, "बरं" म्हणते आणि ती वाटी तशीच माझ्याबरोबर विरारला येते. चूल का नाही पेटवायची, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. मी तिथेच उंबऱ्यावर होते, हे ती विसरली असेल असं मला वाटत नाही, पण आम्ही दोघी तसं वागतो खऱ्या.

आणि मग यंदा, संक्रांत झाल्यावर, एक दिवस ती माझ्या पोटमाळ्यावर हजर. एकटी जिना चढून आलेली, धाप लागलेली, हातात पिशवी. माझ्या समोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझी पन सहल आखून दे." मला आधी गंमत वाटली. मी गिऱ्हाइकाला विचारते तसंच विचारलं, काय काय हवं. तिने बोटं मोजत सांगितलं. "भात मिळाला पायजे. समुद्र दिसला पायजे. आनि पाडव्याला मला हितं नको. जिथं पाडवा म्हंजे काय ते कोनाला ठाऊक नाय, तिथं ने." शेवटचं सांगताना ती नकाशाकडे बघत होती. मी विचारलं, का गं यंदाच? म्हणाली, "दमले मी दार लोटून बसायला." अण्णा, माझ्या टेबलाशी बसून लोकांनी काय काय मागितलं असेल, पण असं कोणी मागितलं नव्हतं.

मी कामाला लागले. वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. दुबईत मराठी मंडळ आहे, हॉलमध्ये गुढी उभारतात. सिंगापुरातही आहे. मॉरिशस म्हटलं तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं, पाडवा तिथे आपल्यापेक्षा थाटात. युरोपात थंडी, आणि भाताचे वांधे. मराठी माणूस मागे पडतो म्हणून ओरड असते, पण पाडवा चुकवायला निघालात तर तो प्रत्येक विमानतळावर झब्बा घालून उभा सापडतो. शेवटी माझं बोट नकाशावर खाली सरकत इंडोनेशियावर थांबलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत मी तिथे बरीच कुटुंबं पाठवते. देश कसला, बेटांचा पसाराच. एका बेटावर पाच वेळा नमाज पढणारी माणसं रात्रभर महाभारताचा बाहुल्यांचा खेळ बघतात, दुसऱ्या बेटावर गावोगाव चर्च आणि रविवारी सगळ्या कोळणी-शेतकरणी नटूनथटून मिसेच्या प्रार्थनेला, तिसऱ्या बेटावर दारोदार देव्हारे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे आपली वसईच की, फकत पसरट." भात तिन्ही त्रिकाळ. माड, केळी, फणस सगळं ओळखीचं. समुद्राची तर काय उणीव. मी बेत केला: आधी जावा बेटावरची जुनी देवळं, संथपणे, तिच्या गुडघ्यांना झेपेल तसं, आणि मग पाडव्याच्या आदल्या दिवशी बालीला, समुद्राकाठच्या एका हॉटेलात. खोलीच्या खिडकीतून पाणी दिसेल अशी खोली. तुम्ही असतात तर पाठीवर थाप दिली असतीत, इतका नेटका बेत.

बालीतली व्यवस्था बघणारा माझा एक माणूस आहे. फोनवरच ओळख, पण इतकी वर्षांची की त्याच्या मुलीच्या दातांना तार बसवली तेही मला माहीत. त्याला तारखा कळवल्या तर त्याचा लगेच फोन आला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मॅडम, त्या दिवशी काही नाही. मी म्हटलं, काही नाही म्हणजे? तो म्हणाला, "विमान नाही, विमानतळ बंद. गाडी नाही. रस्त्यावर माणूस नाही. दिवा नाही. चूल नाही. सगळं बेट घरात गप्प बसतं. आमचं नवं वर्ष आहे." मी विचारलं, कुठलं वर्ष? त्याने शक म्हणून आकडा सांगितला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. शालिवाहन शके, तोच आकडा. दर वर्षी त्यांचा आणि आपला दिवस जुळतोच असं नाही, कधी एका दिवसाचा फरक पडतो तर कधी महिन्याचा, पण यंदा एकच दिवस. पाडवा. मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसले. इतकी वर्षं त्या देशात माणसं पाठवते, पण मार्चात आपल्याकडे पोरांच्या परीक्षा, त्यामुळे त्या दिवसांत माझ्याकडून कधी कोणी गेलंच नव्हतं, आणि मी कधी विचारलंच नव्हतं. जग पालथं घालून आईला मी बरोबर पाडव्याच्याच दारात नेऊन उभी करत होते.

दुरुस्ती अवघड नव्हती. बाली मागे ढकलायचं, तो दिवस जावा बेटावरच काढायचा, आईला काही सांगायचंच नाही. गिऱ्हाईक असतं तर मी तेच केलं असतं आणि वर 'तुमच्या सोयीसाठी थोडा बदल' असं कळवलं असतं. दोन दिवस मी तो बदल करायचं म्हणत होते आणि करत नव्हते. मग तुमची ती बस आठवली. बस आजीसाठी काढली असेल तर आजीला विचारायला नको का? मी रिक्षा केली आणि आगाशीला गेले.

आई अंगणात सुकेळी घालत होती. राजेळी केळी सोलून मांडवावर ओळीने मांडलेली, वर पातळ कापड. वाडीचा निम्मा भाग आता बिल्डिंगच्या सावलीत जातो, म्हणून मांडव तिने पुढे सरकवून घेतलाय. मी समोर पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांचा पण पाडवा त्याच दिवशी, पण गुढी नाही, गोड नाही. आदल्या संध्याकाळी भुतांच्या मोठाल्या प्रतिमा नाचवतात आणि नुसता गोंगाट करतात. "शिमगाच की," ती म्हणाली, हातातलं केळं सोलत. आणि दुसऱ्या दिवशी, मी म्हटलं, सगळं बेट गप्प. कोणी घराबाहेर पडत नाही, कामाला हात लावत नाही, दिवा लावत नाही. चूल पेटवत नाही.

तिचा हात थांबला. "कोनीच?"

"कोणीच."

"तान्ह्या पोरांचं दूध?"

"तान्ही आणि आजारी सोडून."

"आनि कोनी इचारायला येत नाय? का नाय पेटवली म्हनून?"

मी नाही म्हटलं. तिने सोललेलं केळं मांडवावर ठेवलं, मग उचलून पुन्हा सरळ ठेवलं. मला वाटलं आता ती म्हणेल, तिथं नको, दुसरीकडे ने. मी तोंडात दुसरी बेटं तयारच ठेवली होती. आळीत कोणाचा तरी मिक्सर चालू होता. मग तिने विचारलं, "आनि त्याच्या दुसऱ्या दिवशी काय करतात?"

मी माझ्या माणसाने सांगितलं होतं तसं सांगितलं. पहाट झाली की चूल पुन्हा पेटवतात. मग एकमेकांच्या घरी जातात आणि वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफी मागतात.

"कोनाची मागतात?"

"ज्याची त्याची."

अण्णा, ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिने पदराला हात पुसले, चांगले खसखसून, एकेक बोट. म्हणाली, "मग हाटेल नको. हाटेलात कुठं चूल देतात. कोनाच्या तरी घरात ऱ्हाऊ. मला चहा टाकायचाय." मी म्हटलं, आई, त्या दिवशी तिथं चूल... "त्या दिवशी नाय गं," ती म्हणाली, "त्या दिवशी मी बसते त्यांच्यासारखी. दुसऱ्या दिवशी पहाटे. पयला चहा माझा." आणि मग माझ्याकडे न बघता, मांडवाकडे बघत, तिने आपणहून पहिल्यांदा सांगितलं, "तवा काय, उतरवून ठेवता आला असता."

मी तिचा हात धरला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "सुकेळी न्यायला चालतील ना? कोनाच्या घरी जायाचं तर हात हलवत कसं जानार."

त्या संध्याकाळी मी बालीला फोन केला. आजवर मी त्या माणसाकडे काय काय मागितलं आहे. जैन जेवण, पोहण्याच्या तलावाला पडदा, वाढदिवसाला उकडीचे मोदक. ही मागणी सांगताना मात्र माझी जीभ अडखळत होती. म्हटलं, समुद्राची खिडकी राहू दे. एखादं घर बघ, ज्यात म्हातारं माणूस असेल, आणि त्या घरच्या बाईंना विचार, की शांततेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची चूल आधी माझ्या आईला पेटवू देतील का. तिला चहा करायचा आहे. कोणासाठी, ते त्याने विचारलं. मी म्हटलं, वडिलांसाठी. ते कुठे असतात, हे त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कळवलं की त्याच्या स्वतःच्याच घरी या, त्याची आई हो म्हणाली आहे, फक्त दूध त्यांच्याकडे नसतं, ते आदल्या दिवशी आणून ठेवावं लागेल. आईला हे सांगितल्यापासून तिने चहापत्ती, आलं आणि वेलची बांधून तयार ठेवली आहे. साखर तिथली चालेल म्हणाली. तुम्ही गोड किती घ्यायचात यावरून आमचा वाद झाला आणि ती जिंकली. मीही तिच्याबरोबर जाणार, मग घरी गुढीचं काय, असं मी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी उभारीन, वाकडी झाली तर तुला फोटो पाठवणार नाही."

माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, जगात कुठेही पोचवून देऊ. तुमच्यापर्यंत एवढा कागद काही पोचवता येत नाही, म्हणून तो शिट्टीखाली घडी घालून ठेवते. आईला दाखवणार नाही. त्या पहाटे ती तुमचा कप आधी भरेल आणि तो कुठे ठेवायचा ते तिचं तिने ठरवावं. मग सवयीने ती मला म्हणेल, तुला नको ना गं, पित्त होतं. तेव्हा मी कप पुढे करणार आहे. मला पित्त कधीच नव्हतं, अण्णा.